बैलउतारावरचा आठवा दगड

आमच्या गावाच्या बैलउतारावर आठ दगड आहेत. शेंदूर फासलेले, ओळीनं मांडलेले. त्यांतले सात मी माझ्या हातांनी नदीतून उचलून आणलेत, म्हणून कुणी मला त्यांचं माहात्म्य सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. आठवा मागाहून आला. तो कुणी आणून ठेवला ते कुणी सांगत नाही. ज्याच्या नावाचा तो आहे, त्या माणसानं उभ्या जन्मात कुठल्या दगडापुढं हात जोडले नव्हते, आणि आता बाया त्याच्यापुढं नारळ फोडतात. त्याला कळलं असतं तर आधी मलाच शिव्या बसल्या असत्या. "ए मेडिकल, तू तिथंच व्हता ना? मंग गप काहून बसला?"

रतन खरात त्याचं नाव. गाव त्याला फौजी म्हणायचं, मी रतनभाऊ. वाटूर फाट्यावर माझं औषधाचं दुकान आहे, आणि गाव तिथून आत, दुधना नदीच्या काठाला. रतनभाऊ सैन्यातून निवृत्त होऊन गावी आला तेव्हा मी त्याला नुसता तोंडओळखीनं ओळखत होतो. खरी ओळख झाली ती एका रविवारी भरदुपारी. मी शटर अर्धं ओढून जेवायला निघालो होतो आणि हा आत वाकून आला. कानाच्या पाळीत लोखंडी गळ रुतलेला, आणि गळाला एक चकचकीत स्टीलचा चमचा लोंबकळत होता. दांडी नसलेला.

"हे काय?" मी म्हटलं.

"वारं फिरलं," तो म्हणाला. जसं काही रोजच कुणाच्या ना कुणाच्या कानात चमचा लटकतो. "पक्कड हाये का?"

"भाऊ, दवाखान्यात जा. मी गोळ्या विकतो."

"तिथं गेल्तो. तो पोरगा डॉक्टर माझ्याहून जास्त घाबरून राह्यला. तू कर. कान माझा हाये, तुझा न्हाई."

मग त्यानं मला शिकवलं. ओढायचं नाही, उलट पुढं ढकलायचं. टोक कातडीतून बाहेर आलं की ते पकडीनं कापायचं आणि उरलेला गळ आल्या वाटेनं मागं घ्यायचा. मी गळ ढकलायला लागलो. हा माणूस कॅलेंडरकडं बघत शांतपणे मोजत होता, एक… दोन… तीन… चारला गळ सुटला. मला वाटलं शाबासकी देईल. तर रुमाल कानाला लावून म्हणाला, "पाच व्हायला पायजे व्हते. तू घाई केली."

पुढच्या रविवारी तो मला नदीवर घेऊन गेला. मी का गेलो ते अजून मला सांगता येत नाही. मला पोहता येत नाही, मी मासे खात नाही, आणि ऊन तर मला बिलकुल सोसत नाही. पण त्यानंतर पाच वर्षं मी दर रविवारी गेलो.

ही मासेमारी त्याला सैन्यात लागली होती. पहाडातल्या एका पोस्टिंगवर एक साहेब होते, त्यांना नदीतल्या ट्राउट माशाचा नाद. त्यांचं सामान उचलायला रतनभाऊला न्यायचे. "बर्फाचं पाणी," तो सांगायचा, "मांडीपर्यंत उभं राह्यचं. मंग पाय हायेत का गेले ते हातानं चाचपून पाह्यचं." साहेब चारा लावायचेच नाहीत. बारीक रॉड, त्याहून बारीक तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, आणि टोकाला पत्र्याचं एक चमकणारं पान. ते पाण्यात असं वळवळवायचं की माशाला वाटावं, लहान मासा पळून राह्यलाय. ट्राउट कसा दिसतो, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "लाल ठिपके. पोरीच्या फ्रॉकचं कापड असतं ना, तसा." बदली झाली तेव्हा साहेबांनी तो रॉड आणि रीळ त्यालाच देऊन टाकलं. पन्नास-साठ किलोच्या ट्रंकेत गावी आलेली सगळ्यांत हलकी वस्तू ती.

आमच्या नदीत कुठला आलाय ट्राउट? इथं मरळ. काळी, सापासारख्या डोक्याची, लबाड. दुपारी गाव झोपलं की ती उथळाला येते, वर येऊन हवेचा एक घोट घेते आणि खाली जाते. त्या एका घोटावरून रतनभाऊ तिचं घर ओळखायचा. दुपारी एक ते चार, हीच त्याची वेळ. ओला रुमाल टोपीखाली, रॉड उजव्या हातात, आणि रीळ पाण्यापासून नेहमी वीतभर वर. स्वतः छातीपर्यंत भिजेल, पण रिळाला थेंब लागू द्यायचा नाही.

पत्र्याची पानं इथं मिळेनात, तर त्यानं नवीन जालन्यातल्या भांड्याच्या दुकानातून चमचे आणायला सुरुवात केली. दांडी करवतीनं कापायची, कड कानशीनं घासायची, दोन भोकं पाडायची. बाजारचे संपले की घरचे. शांतावैनी, म्हणजे त्याची बायको, चहा देताना मला ऐकवायच्या, "घरात पाहुण्याला शिऱ्यासंगं द्यायला चमचा न्हाई ठेवला ह्या माणसानं. दांड्यायचा डबा भरलाय, येऊन पाहा. मासे चमचे खाऊन राह्यले अन् मी दांड्या."

"एक शाबूत हाये," रतनभाऊ म्हणायचा.

"तो मी पोलक्यात लपवलाय."

तंगूस मात्र त्यानं कधी जाड वापरला नाही. गावातली माणसं जाळी टाकायची, काही हरामखोर तर विजेची तार सोडायचे. त्याचा तो केसासारखा धागा बघून सगळे हसायचे. मीही एकदा म्हणालो, भाऊ, मोठी मरळ लागली की तोडून जाते, जरा जाड घ्या ना. तो माझ्यावर खवळला. "जाड दोरीनं कुणीबी वढील! त्याला तोडून जायची सोय पायजे का न्हाई? तुटली तर तो जिंकला. आपण घरी जायचं, भाकर खायची." त्या धाग्यावर हा माणूस कुणालाही ओढून बाहेर काढू शकणार नाही, हे मला तेव्हापासून माहीत होतं. तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

अजून एक गोष्ट सांगतो. एका दुपारी काठालगत पाण्यावर मला ताटाएवढा लाल डाग दिसला, खळखळ उकळल्यासारखा. मी हौसेनं त्याच्याच रॉडनं चमचा नेमका त्यावर टाकला. खाडकन माझ्या मनगटावर हात पडला. रॉड सुटता सुटता राहिला. "लेकुरवाळीवर गळ टाकतो का रे?" तो लाल डाग म्हणजे मरळीची पिल्लं, शेकड्यानं, एकत्र गोळा झालेली; आणि खाली नरमादी दोघं पहारा देत असतात. त्या वेळी ती दोघं काहीही समोर आलं तरी अंगावर धावून जातात. "भुकेनं न्हाई," तो म्हणाला. "पोरांपासून ते हटवायला. त्यायला तेव्हा गळ दिसत न्हाई." मनगट आठवडाभर दुखत होतं.

आणि मोजणं. ते सांगितल्याशिवाय हा माणूस सांगून होत नाही. चमचा पाण्यात पडला की तो लगेच ओढायचा नाही. तंगूस सैल सोडून मोजायचा, एक… दोन… तीन… चमचा तळाला टेकला की तंगूस ढिला पडतो. मग ओढायला सुरुवात. त्याचा एक आकडा म्हणजे बराबर एक हात पाणी. त्यानं ते आधी विहिरीत सोडून पक्कं केलं होतं. पाच वर्षांत त्याला गावालगतची सगळी नदी आकड्यांनी पाठ झाली होती. जांभळीखाली सहा. धुण्याच्या खडकापुढं चार. बैलउतार तीन, काठाकडं दोन.

बैलउतार म्हणजे गावाची गुरं पिढ्यान्पिढ्या पाण्यात उतरवायची जागा. खाली बंधारा असल्यामुळं तिथं बारमाही पाणी, पण तळाला घट्ट वाळू, आणि पाणी कधी माणसाच्या छातीवर गेलेलं कुणाला आठवत नाही. गावातली बैलं तिथं डोळे झाकून उतरतात म्हणतात, ते खरंच आहे. मालकही तसेच उतरतात.

त्या उन्हाळ्यात वाळूवाले आले. बोटीवर इंजिन बसवून पाण्याखालची वाळू पाइपानं वर ओढायचे. ते कोण होते, कुणाच्या जिवावर आले होते, ते सांगण्यात आता अर्थ नाही. महिनाभर खाली ते इंजिन घरघरत होतं आणि एके दिवशी बंद झालं. वर काहीच दिसत नव्हतं. पाणी होतं तसंच सपाट.

जेठातल्या एका दुपारी आम्ही उतारावर उभे होतो. रतनभाऊनं चमचा टाकला. एक… दोन… तीन… तो थांबला नाही. चार… पाच… मला वाटलं थट्टा चाललीय. अकराला तंगूस ढिला पडला.

"काय भाऊ, चमचा पोहून राह्यला का?" मी हसलो.

तो हसला नाही. चमचा दोन पावलं वरच्या अंगाला टाकला, तीनला टेकला. परत खाली टाकला, अकरा. असा सात-आठ वेळा टाकला. कानातून गळ काढताना ज्याच्या कपाळावर आठी पडली नव्हती, त्याच्या ओठावर मला घाम दिसला.

"कड हाये," तो म्हणाला. "भिंतीसारखी सरळ. इथं उभं राह्यलं तर छातीभर पाणी, अन् एक पाऊल पुढं टाकलं की…" रीळ गुंडाळत म्हणाला, "पोळ्याला किती दिस हायेत?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. दुपारी गावातली सगळी बैलं नदीत उतरतात. त्यांना घासून धुवायचं, मग खांदे हळद-लोण्यानं मळायचे. बैलांबरोबर माणसं, पाठीवर पोरं, काठाला बाया. पाच-सहाशे जीव एका वेळी त्या पाण्यात असतात. तेवढ्यासाठी त्यानं दिवस विचारले, आणि तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचलं नाही.

सरपंचाकडं गेलो. सरपंच खुर्चीवरून न उठता म्हणाला, "फौजी, तुमचा चमचा खाली जातो म्हणून गावानं बैलं धुवायची न्हाईत का?" तालुक्याला अर्ज दिला, पाहणी करण्यात येईल असं उत्तर आलं, आणि ते अजून करून राह्यलेत. मी मोबाइलवर चित्रण करून गावाच्या ग्रुपवर टाकलं. त्यावर तिघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि एकानं शुभ दुपार.

मग त्यानं स्वतःच पोहत जाऊन त्या कडेवर एक बांबू रोवला आणि त्याला लाल फडकं बांधलं. सैन्यात लाल म्हणजे धोका. हा माणूस वीस वर्षं बाहेर राहिला आणि गाव विसरला, दुसरं काय!

आठ दिवसांत बांबूला हिरव्या बांगड्या दिसायला लागल्या. हळदीकुंकू, लिंबू, खणाचा तुकडा. आमच्याकडं पाण्यातल्या सात बहिणी मानतात, साती आसरा. त्या खोल डोहात असतात, बाळंतिणीला आणि लेकराला सांभाळतात, आणि रागावल्या तर ओढून नेतात. ऐन पाण्यात लाल फडकं उभं दिसल्यावर गावानं दुसरा विचार केलाच नाही. आणि सगळ्यांत पुढं कोण, तर माझी आई. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून माझ्या दुकानातलं अर्धं मलम एकटी संपवते, आणि कंबरभर पाण्यात ओटीचं ताट डोक्यावर धरून उभी!

मी घरी थयथयाट केला. "आई, ते फौजीनं रोवलंय. खाली खड्डा हाये, लोकांनी जाऊ नये म्हणून रोवलंय."

"त्यायनी त्याच्या हातून रोवून घेतलं," आई म्हणाली. "देवी काय जात पाहून राह्यली का?"

मी रतनभाऊला सांगितलं, तर तो काठावर मटकन खालीच बसला. "मी खड्डा दाखवून राह्यलो," तो म्हणाला, "अन् हे लोक दर्शनाला खड्ड्यावरच चालले." त्यानं बांबू उपटला. दुसऱ्या दिवशी कुणी तरी परत रोवला, नवा, उंच. पुन्हा उपटला, पुन्हा आला. नव्यानं रोवणारा तर कडेच्या आणखी जवळ गेला होता.

चार-पाच दिवसांनी तो दुकानात आला आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबून राहिला. "देव हलवू," म्हणाला.

"म्हंजे?"

"वर आणू. दोन हात पाण्यात. लोक तिथं जातील, खड्ड्याकडं कुणी फिरकणार न्हाई. शेंदूर कसा कालवतात रे? पाण्यात का तेलात?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, तुमचे लोक काय म्हणतील?" त्याच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून याच नदीत सोडून दिले होते. ही गोष्ट रतनभाऊनं मला किती अभिमानानं सांगितली होती. त्याच नदीतून नातू आता दगड काढायला निघाला होता.

"शेंदूर काय, साबणानं निघतो," तो म्हणाला.

एका दुपारी आम्ही दोघांनी ते केलं. मी दगड उचलले, त्यानं आधी चमचा टाकून जागा तपासली. दोन, दोन, दोन, सगळीकडं दोन. खड्ड्यापासून वीस-बावीस पावलं वर. तिथं त्यानं लाल झेंडा रोवला, आणि समोर काठावर सात दगड मांडून शेंदूर लावला. नंतर वाळूनं किती वेळ हात घासत बसला. संध्याकाळी आमच्या घरी येऊन आईला म्हणाला, "काकू, सपान पडलं. बहिणी म्हणल्या, आम्हाला वर न्या, उथळाला." खोटं बोलताना तो स्वतःच्या पायाकडं बघत होता. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिनं त्याच्या पायाला हात लावला, आणि तो असा दचकून मागं सरला की खांबाला डोकं आपटलं.

गावानं मानलं. खड्ड्याकडचा बांबू बायांनीच वाजतगाजत काढून आणला. पण विहारात त्याला विचारलं गेलं, "फौजी, तुम्हीसुद्धा?" त्यानं खुलासा केला असता तर तो तासाभरात गावभर झाला असता आणि सगळं मुसळ केरात. म्हणून बोलला नाही. पूर्वी पुढच्या रांगेत बसणारा माणूस दाराशी चपलांजवळ बसायला लागला. शांतावैनी पंधरा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यांना खरं सांगा, असं मी म्हटलं. तर म्हणाला, "पोळा होऊ दे. मंग सगळ्यायला सांगतो, दगड मीच परत टाकतो." तो रोज दुपारी नदीवर जायचा, पण मासे धरायला नाही. नुसता मोजायला.

श्रावणात वरून पाणी आलं. नदी चहासारखी झाली. आणि पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी रतनभाऊला हिवताप आला. माझ्याच गोळ्या चालू होत्या. अंथरुणातून उठता येईना, पण नजर माझ्याकडं. "मेडिकल, मोजलं का? पुराच्या पाण्यानं कड ढासळते, वर वर सरकते. मोजलं का?"

आता माझं सांगतो, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. रॉड त्यानं माझ्याकडं दिला होता. दोनदा मी नदीवर गेलो. झेंडा होता तिथं ताठ उभा होता, बांगड्या चमकत होत्या, दगड जागच्या जागी. दुकान उघडायला उशीर होत होता. मी चमचा टाकला नाही. लांबूनच पाहिलं, आणि त्याला येऊन सांगितलं, "बराबर हाये सगळं. दोन."

खांदमळणीच्या दुपारी तो अंगावर शाल घेऊन आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. हाडं वर आलेली, डोळे पिवळे. आई आमच्या बैलांना आवतन देत होती, आदल्या दिवशी बैलांच्या कानाशी बोलायचं असतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." हा दिसला तशी हसून त्यालाही म्हणाली, "फौजी, तुम्हीबी घ्या आवतन. उद्या पुरणपोळीला या."

"येतो काकू," तो म्हणाला. मग माझ्याकडं हात पसरून, "रॉड दे."

तो हळू चालत होता; आम्ही पोचलो तेव्हा आई आणि आमची बैलं पुढं पोचली होती, काठ भरला होता. हलगी वाजत होती. बैलांची शिंगं नुकतीच तासलेली, पोरं खांद्यावर. आणि मला एक नवीनच गोष्ट कळली, जी गावानं आमच्या नकळत ठरवली होती. आधी ओटी आसरांना, झेंड्यापाशी; मग पहिली जोडी झेंड्याला वळसा घालणार; मग सगळा गाव पाण्यात. ओटीचं ताट आईच्या हातात. पहिली जोडी आमची.

रतनभाऊनं गर्दीच्या कडेनं चमचा झेंड्याच्या बुडाशी टाकला. एक… दोन… माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तीन… चार… नऊ. तंगूस ढिला पडला. बांबू नेमका कडेवर उभा होता, आत्ता पडतो का मग अशा बेतानं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तू मोजलं व्हतं ना?"

मी त्या दगडांकडं बघत राहिलो. त्याला कळलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग तो ओरडत सुटला. पाण्यात उतरू नका, खाली खड्डा हाये, वर सरकलाय! हलगीत कुणाला ऐकू जाणार? ज्यांना ऐकू गेलं ते चिडले. सरपंच म्हणाला, "फौजी, तूच बसवला ना देव? तुझ्याच सपनात आल्या ना बहिणी?" "ते खोटं व्हतं," रतनभाऊ म्हणाला, "मी लबाडी केली, दगडं हायेत नुसती." कुणी तरी त्याला ढकललं. "आता पोळ्याच्या तोंडावर देव खोटा झाला काय रे?" मी आईकडं धावलो, तिचा दंड धरला. तिनं झटकला. ती घोटाभर पाण्यात होती, ताट डोक्यावर, नजर समोर त्या लाल फडक्यावर. मागं आमची जोडी.

तेव्हा रतनभाऊनं चमचा फेकला. नेम असा की इतक्या वर्षांत मी तसा पाहिला नाही. सुळकन जाऊन गळ फडक्यात अडकला. त्याला झेंडा काठावरूनच ओढून आणायचा होता. रॉड कमानीसारखा वाकला, बांबू हलला, आणि तंगूस तुटला. एवढासा आवाज झाला. त्यानं तुटल्या टोकाकडं पाहिलं, मग रॉड माझ्या हातात दिला. "रीळ भिजू देऊ नको," म्हणाला, आणि शाल टाकून पाण्यात शिरला.

नंतरचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मोकळं होता येईल. गावातला एकही बैल गेला नाही, दुसरा एकही माणूस गेला नाही. पट्टीचे पोहणारे दोरखंड घेऊन उतरले, पण त्या गढूळ पाण्यात हाताला काही लागलं नाही. तो तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याला सापडला. विहारात मी दगड मांडण्यामागचं खरं सांगितलं, उशिरा का होईना, माझं न मोजणं तेवढं सोडून; ती माणसं ऐकून घेऊन एकेक करून उठली आणि शांतावैनींच्या दारात जाऊन बसली. वैनींनी पोलक्यातला तो चमचा काढून माझ्या हातावर ठेवला. आईनं त्यानंतर ओटी भरलेली नाही. ती पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आवतन देते आणि मग अंगणात तो उभा होता त्या जागेकडं बघत बसते. आठव्या दगडाच्या पुढं आता कुणी पाण्यात पाऊल टाकत नाही. त्याला हवं होतं तेच झालं, आणि ते असं झालं म्हणून मला गावाचा आणि स्वतःचा राग येतो.

पण तो मला दिसतो तो बंधाऱ्यावरचा नाही. तो दिसतो कंबरभर पाण्यात, पाठमोरा, सवयीनं उजवा हात वर धरलेला, जसा काही अजून त्या हातात रीळ आहे. वरच्या अंगानं, वळसा घालून, पायानं वाळू चाचपत चालला होता. झेंड्याजवळ पोचला. दोन्ही हातांनी बांबू उपटला आणि आमच्याकडं तोंड केलं. हलगी थांबली. बाया किंचाळल्या. आई गुडघाभर पाण्यात जागीच उभी राहिली. त्यानं झेंडा डोक्यावर धरला, तापानं खंगलेल्या तोंडाची बत्तिशी दाखवत खरंच हसला, आणि झेंड्यानं वरचा काठ दाखवत ओरडला, "इकडं! काकू, इकडं या, वर!" आणि आई वळली. आमची बैलं वळली, त्यांच्यामागं सगळा गाव झेंडा दाखवील तिकडं वळला.

तेवढ्यात त्याच्या पायाखालची वाळू गेली. आवाज झाला नाही. झेंडा उभाच्या उभा खाली गेला, आधी बांगड्या, मग फडकं, मग बांबूचं टोक. पाण्यावर दोन बुडबुडे आले आणि पाणी परत सपाट झालं. लोक ओरडत होते, पळत होते. मी एका हातात रॉड वर धरून तिथंच उभा, आणि माझं मोजणं चालू झालं होतं. एक… दोन… तीन… या वेळी मी अजिबात घाई केली नाही. एकेक आकडा त्यानं शिकवल्यासारखा, पुरा वेळ देऊन. नऊ झाले. अकरा झाले. बारा झाले, आणि मी मोजत राहिलो.